मागच्या पलंगाची हवा

१२ मार्च

समुपदेशक बाईंनी सांगितलंय, ओरडावंसं वाटलं की आधी लिहून काढा, अर्धा राग कागदावर उतरेल. आज आधी ओरडले आणि मग वही शोधली. सुरुवातच उलटी.

ओरडले ते ह्यांच्यावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर. गेले काही महिने आमच्या अंगणात एक डबा उभा राहतोय. गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. लोक त्याला कॅम्पर ट्रेलर म्हणतात, आम्ही डबा. सांगाडा ह्यांचा, कारण ह्यांचा जन्म वेल्डिंगमध्ये गेला. आतली गरम-गार हवा माझी, कारण माझा जन्म फळांच्या शीतगृहात गेला. छतापर्यंत पेट्या रचलेल्या खोलीत अगदी कोपऱ्यातल्या पेटीपर्यंत गारवा कसा पोचवायचा, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

तर ह्यांनी आज पुढचा हुक बसवला. वीतभर उंच! आमच्या गाडीमागचा हुक अडकवायचा गोळा खाली, ह्यांचा हुक वर. मी म्हटलं, "अहो, आयुष्यभर लोखंड जोडलंत आणि घरच्या गाडीचं माप घेता येत नाही?"

हे म्हणाले, "बघू."

"बघू काय बघू? कापा तो आणि खाली घ्या."

"बघू म्हटलं ना." आणि चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

हा "बघू" मी संसारभर ऐकतेय. एक दिवस मी ह्या शब्दालाच वेल्डिंग करून टाकणार आहे.

१५ मार्च

डबा कोणासाठी, ते लिहायचं राहिलं. चिंगीसाठी. चिंगी आमची एकुलती एक. तिशीला आली तरी आमच्या तोंडात चिंगीच. जमिनीच्या मोजणीचं काम करायची, नकाशे काढायची. कामावर असताना जीप उलटली आणि पाठीचा कणा गेला. हात शाबूत, डोकं जरा जास्तच शाबूत, पण छातीखाली काही कळत नाही. ती चालत नाही, खुर्चीवर असते, हे लोकांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की छातीखाली तिला घामही येत नाही. उन्हात तिचं अंग तव्यासारखं तापत जातं आणि थंडीत हुडहुडी न भरता गार पडत जातं. मागच्या उन्हाळ्यात गाडीचा एसी बंद पडला, रस्त्यात कोंडी होती, आणि बघता बघता पोरीची शुद्ध हरपली. त्या दिवशी मी रस्त्यावर उतरून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या काचा बडवत होते. तेव्हापासून ती घरातून बाहेर पडते ती फक्त दवाखान्यात जायला.

म्हणून हा डबा. जूनमध्ये डोंगरातल्या मोठ्या तळ्यावर जायचं, आम्ही तिघांनी, चार दिवस. वाटेत भट्टीसारखं माळरान आहे, वर तळ्याकाठी हाडं गोठवणारा वारा. म्हणजे गार हवाही लागणार आणि गरमही, आणि ती सगळीकडे सारखी लागणार. पुढे बाकावर गारठा आणि मागे पलंगावर उकाडा, असला प्रकार इथे चालणार नाही.

एसी पुढच्या बाकाखाली. तिथून गार हवेचा पाइप छताकडून मागे. हीटर वेगळा, त्याचा पाइप जमिनीलगत. गार हवा जड, ती वरून सोडली की आपोआप खाली उतरते. गरम हवेचं उलटं. सगळ्यात मागे चिंगीचा पलंग. पुढच्या बाकाची घडी उलगडली की त्याचा पलंग होतो, तो ह्यांचा. मधल्या जागेत माझी झोपायची फळी, गुडघाभर उंचीवर. तिच्यावरून मी हात लांबवला की चिंगीला लागतो. ती जागा मी आधी ठरवली आणि मग बाकीचा डबा आखला.

२१ मार्च

चिंगीची मैत्रीण आली होती. रुग्णवाहिका चालवते. पुनर्वसन केंद्रात ओळख झाली म्हणे. मी मनातल्या मनात तिला शिडी म्हणते, कारण आमच्या दारातून तिला वाकून यावं लागतं. आली की हक्काने डब्यात शिरते आणि प्रश्न सुरू.

"काकू, हीटरचा धूर कुठून बाहेर जातो?"

"काकू, एसी बंद पडला तर आधी काय बघायचं?"

"काकू, हा पाइप निसटला तर हात कुठून घालायचा?"

माझी तोंडी परीक्षा घेतल्यासारखं. मी म्हटलं, "माझं काम आहे, निसटणार नाही." तर चिंगी मध्येच, "आई, पण समजा निसटला तर?" मग मला बाकाखालचं झाकण उघडून दाखवावं लागलं. चिंगी म्हणाली, झाकण तिला खुर्चीवरून उघडता येईल असं कर. आणि सगळ्या झडपांच्या मुठी तिच्या हाताच्या उंचीवर हव्यात. आणि कपाटात एक उंच अरुंद कप्पा हवा, तीन पायांचा स्टँड ठेवायला.

"कसला स्टँड?"

"असाच. तळ्याकाठी लागेल."

फोटो काढायचे असतील. चार दिवसांच्या फोटोंसाठी माझं निम्मं कपाट गेलं.

२२ मार्च

झाकण पुन्हा केलं. बिजागऱ्या बाजूला घेतल्या. ती खुर्चीवरून उघडते. मला बरं वाटलं, पण मी तोंडावर दाखवलं नाही.

२९ मार्च

गार हवेची पहिली चाचणी, आणि डोक्यात नुसती तिडीक. प्रत्येक जाळीला लोकरीचे दोरे बांधले होते, शीतगृहात बांधायचो तसे. हवा जोरात असेल तर दोरा आडवा होतो, नसेल तर लोंबतो. पुढचे दोरे नाचत होते. माझ्या फळीवरचे बरे होते. चिंगीच्या पलंगावरचे मेलेल्या शेपटीसारखे. भर दुपारी तासभर एसी चालवूनही तिच्या उशाशी एकोणतीस अंश.

पाइपाची दोन वळणं सरळ केली. सांध्यांना पट्टी मारली. पुढच्या जाळीची झडप अर्धी बंद केली. एक अंश उतरला, बस्स.

चिंगी खुर्चीवरून बघत होती. म्हणाली, "आई, हवा आत जातेय पण परत कुठून येणार? परतीची वाट तुझ्या फळीखालून आहे, आणि खाली तू खण करून ठेवलेत. वाट बंद आहे."

मला! मला परतीची हवा शिकवते! भरलेल्या बसमधून मागचे उतरल्याशिवाय पुढचे चढत नाहीत, हे तिला लहानपणी मीच सांगितलं होतं.

"खणांना भोकं पाडते," मी म्हटलं.

"भोकांनी नाही भागणार. फळीच काढ."

"मग मी कुठे झोपू? छतावर?"

हे पान्हा शोधायला गेले. पान्हा ह्यांच्या खिशात होता.

६ एप्रिल

खणांना भोकं पाडून झाली. फरक नाही. त्यावर बोलायचं नाही.

हीटरचं काम काढलं. चिंगीचे पाय नेहमी बर्फासारखे असतात. मी रोज हात लावून बघते, मला ठाऊक आहे. म्हणून गरम हवेची एक जाळी थेट तिच्या पायथ्याशी द्यायची ठरवली. ती नको म्हणाली.

"आई, पायाशी नको. जास्त तापलं तर मला कळणार नाही."

"मी असेन ना बघायला."

"तू दर मिनिटाला थोडीच बघणार आहेस?"

"बघेन! दर मिनिटाला बघेन! तुझे पाय गार आहेत की नाहीत हे तुला कळत नाही, मला कळतं."

बोलून गेले. तिने खुर्ची वळवली आणि घरात गेली. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या अंगावर हात उचलला. सगळ्यांना वाईट मीच दिसते. गार पडलेले पाय चोळायला मात्र कोणी येत नाही.

जाळी बसवली. पायथ्याशीच.

११ एप्रिल

भाजली.

सकाळी हीटरची चाचणी होती. चिंगी पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन नकाशाचं काम करत होती. मी पुढे तापमापकांपाशी. पुढे बावीस, मधे बावीस, मागे बावीस. मी आनंदाने टाळी वाजवली. शिडीही होती, ती म्हणाली, "वा काकू!" आणि त्याच वेळी गादी सरकून चिंगीची टाच त्या जाळीवर टेकलेली होती. किती वेळ, देव जाणे. तिला कळलं नाही. खुर्चीवर घेताना मी पाय उचलला तेव्हा टाचेवर अंड्याएवढा फोड.

शिडीने एका शब्दाविना तिला उलटं वळवलं, टाच पाण्याखाली धरली, झाकली, आणि गाडी काढली. मी फक्त किंचाळत होते. गादी कोणी सरकवली, चादर कोणी घातली, हे कुठे बघत होते.

चिंगी एकदाच म्हणाली, "आई, मी नको म्हटलं होतं."

१२ एप्रिल

हीटर विकणाऱ्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, बाई, हवा जाळीपाशी तेवढी तापणारच, पुस्तिकेत दिलंय. त्याबद्दलही झापलं.

जाळी तिथे मी लावली. लिहिलं. झालं.

१६ एप्रिल

पायथ्याची जाळी उखडून टाकली, भोक बुजवलं. गरम हवा आता पलंगाच्या बाजूने, लाकडी पडद्यामागून वर येते. अंगाला कुठेच थेट लागत नाही. हे काल म्हणाले, "आधी असंच तर ती सांगत होती." मी हातोडा आपटला. ह्यांच्यावर नाही, बाकावर.

टाच लवकर भरणार नाही असं डॉक्टरीण म्हणाली. अशा पायाला रक्त कमी पोचतं. तोवर चिंगीला बराच वेळ पोटावर झोपायचंय. शिडी ड्युटी संपली की येते, तिची कूस बदलते, आणि दोघी कुजबुजतात. मी खोलीत गेले की गप्प. माझ्या घरात मीच परकी.

५ मे

टाच भरत आली. गुलाबी नवी कातडी. मी बघितली तर चिंगी म्हणाली, "रोज आरशात मीच बघते. फोटो काढून डॉक्टरिणीला पाठवते." म्हटलं, मला का दाखवत नाहीस? "तू बघितलंस की मला तुला सावरावं लागतं."

हे कसलं बोलणं! मी काय काचेची आहे?

१४ मे



आज शिडी आपली गाडी घेऊन आली. मागे सामानाचा उघडा हौदा असलेली, उंच. म्हणाली, "नुसतं जोडून बघू का, काका?" हे हो म्हणाले. तिने गाडी मागे घेतली, एकदाही न चुकता, आणि हुक तिच्या गोळ्यावर टक्कन बसला. वीतभर उंच असलेला हुक. मार्चमध्ये मी ज्याच्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं, तो हुक. केसाइतकीही चूक नाही.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी चष्मा काढला.

चिंगी म्हणाली, "आई, बस जरा."

"उभीच बरी आहे."

"मला काम मिळालंय. त्या तळ्याच्या काठाची मोजणी करायची. सहा आठवडे. माझं जुनं काम, आई. गाडी ही चालवणार आणि मोजपट्टीही हीच धरणार, बाकी सगळं मी करणार."

स्टँड. तीन पायांचा. फोटो नव्हे, मोजणीचं यंत्र.

"छान," मी म्हटलं. "मग सहा आठवडे राहू. मी घरातलं सगळं आवरून..."

"आई, तू येत नाहीयेस."

पुढचं सगळं आठवत नाही. कूस कोण बदलणार, विचारलं. "ही, आणि गजर लावून." ताप चढला तर? "हिचं रोजचं काम आहे ते." पाइप निसटला तर? "झाकण मला उघडता येतं. तूच करून दिलंस." म्हणजे मार्चपासून मी माझ्याच हातांनी... सगळ्यांना ठाऊक होतं. झडपांच्या मुठी खाली घेताना, झाकणाच्या बिजागऱ्या बदलताना, ती शिडी "काकू काकू" करताना. मला वाटत होतं माझ्या कामाचं कौतुक चाललंय.

मी म्हटलं, "टाच भाजली म्हणून मला शिक्षा देतेस."

चिंगी म्हणाली, "टाच एप्रिलमध्ये भाजली, आई. हुक मार्चमधला आहे."

१५ मे

डब्यात गेले, एसी आणि हीटर दोन्हींचा कंट्रोलर भिंतीवरून काढला आणि माझ्या कपाटात टाकून कुलूप लावलं. त्याच्याशिवाय तो डबा म्हणजे नुसता पत्रा. जा आता.

१६ मे

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. चिंगीने एकदा दारात खुर्ची आणून म्हटलं, "आई, तो कंट्रोलर दे." मी भाजी चिरत राहिले. ती थोडा वेळ थांबली. मग गेली. दुसऱ्यांदा मागितला नाही. मागायला हवा होता. भांडायला हवं होतं तिने.

१७ मे

हे ओरडले.

इतक्या वर्षांत ह्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. जेवताना मी म्हटलं, तुम्ही पण त्यांच्यात सामील, माझ्या पाठीमागे. तर ह्यांनी ताट सरकवलं.

"हो, सामील! तिने मला हुकाचं माप दिलं तेव्हा मी विचारलं, आईला का सांगत नाहीस? म्हणाली, सांगितलं तर आई हवेचं काम अर्धवट टाकेल, आणि तिच्याइतकं चोख ते कोणाला जमणार नाही. मी म्हटलं, काय वाट्टेल ते बोलतेस, आई असं करणार नाही. पैजेवर म्हटलं मी! आणि तू काय केलंस? कुलूप लावलंस!"

"तिच्या जिवाची काळजी..."

"मला नाही काळजी? मला रात्री झोप लागते असं वाटतं तुला? पण ती घरात बसून बसून वाळत चाललीय, ते तुझ्या तापमापकात दिसत नाही!"

हे उठून अंगणात गेले आणि वेल्डिंगचं यंत्र सुरू केलं. जोडायला काहीच नव्हतं. एका जुन्या सळीला दुसरी जुनी सळी जोडत बसले.



१८ मे

आज हे आणि शिडी चिंगीला घेऊन दवाखान्यात गेले. घरात मी एकटी. ठरवलं, हा फळीचा वाद एकदाचा मिटवायचा. फळीमुळे हवा अडत नाही, दोष पाइपात आहे, हे आकड्यांत दाखवून द्यायचं आणि चिंगीच्या तोंडावर फेकायचं. कंट्रोलर काढला, भिंतीवर लावला. फळीचे स्क्रू काढले, खण बाहेर ओढले, सगळं अंगणात. ऊन मी म्हणत होतं. दारं लावली, एसी सोडला आणि चिंगीच्या पलंगावर जाऊन आडवी झाले.

मागच्या जाळीचे दोरे आधी हलले. मग उठले. मग आडवे झाले आणि तसेच राहिले. सरळ.

विश्वास बसेना. फळी पुन्हा ठेवली, खण सरकवले. दोरे लोंबले. काढली. उठले. पुन्हा पुन्हा केलं, घामाने निथळत, शिव्या घालत. फळी आत असली की उशाशी एकोणतीस. फळी बाहेर, चोवीस.

मग मी आणखी एक केलं. पाय न हलवता पडून राहिले. म्हटलं बघू, सगळं हाताला येतं का. झडप आली. कंट्रोलर आला. दिवा, पाणी, आलं. सगळं मीच लावलेलं. हाक मारायला मात्र कोणी नव्हतं, आणि त्या पलंगावर पडल्यावर ते इतकं शांत वाटलं की मला स्वतःचाच संताप आला.

माझी फळी मधे असताना तिला हवा मिळत नव्हती. असं लिहिलं की बरोबर दिसतं आणि वाचलं की अंगावर येतं. मी ते खोडणार होते, पण राहू दे.

१९ मे

सकाळी करवत घेतली आणि फळीचे आधार मुळापासून कापले. स्क्रूने पुन्हा बसवता येईल असं काही ठेवलं नाही, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही.

आवाज ऐकून चिंगी आली. दारात खुर्ची लावून बघत राहिली. लाकडाचा भुसा तिच्या मांडीवर उडत होता, तो झटकला नाही.

"कंट्रोलर भिंतीवर लावलाय," मी म्हटलं. "चोवीस ठेव. त्याखाली नको, पाइपावर दव धरतं."

"बरं."

"तुझ्यावर रागावलेय मी अजून. समजू नकोस की राग गेलाय."

"नाही समजत."

"खोटं बोललीस माझ्याशी. दोन महिने."

"हो. बोलले. आई, मला तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं. पण तुझ्या घरात मला एक दार बंद करता येत नाही गं. मी नहात असले तरी तू विचारतेस, पाणी कसंय."

मी करवत चालवत राहिले. शेवटचा आधार पडला तेव्हा विचारलं, "आणि ती झोपणार कुठे, तुझी ती शि... मैत्रीण?"

"पुढच्या बाकावर."

"पाय बाहेर येतील तिचे."

"ठाऊक आहे तिला. आई, तू तिला शिडी म्हणतेस हेही तिला ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

ह्या माणसाच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ. हुक तेवढा राहिला होता.

२ जून

गेल्या.

मी शंभर सूचना देणार होते. दहाव्यावर चिंगी म्हणाली, "आई, सगळं येतं मला. फोन मी करेन. तू करू नकोस." हे काय नवीन? फोन करायचीही बंदी? मी तोंड फिरवून उभी राहिले. गाडी सुरू झाल्यावर धावत जाऊन शिडीच्या खिडकीतून पाइप आवळायच्या जास्तीच्या लोखंडी पट्ट्या आणि स्क्रूड्रायव्हर आत टाकला. ती म्हणाली, "काकू, जपेन." मी म्हटलं, "जपायला ती काय अंडं आहे? गाडी नीट चालव." का असं म्हटलं देव जाणे.

अंगणात डब्याच्या चाकांचे चार खड्डे पडलेत. हे ते बुजवायला निघाले, मी नको म्हटलं.

३ जून

फोन नाही.

४ जून

"पोचलो. छान आहे." एवढाच निरोप, तोही लिहून. छान म्हणजे काय? किती अंश? टाच कशी आहे? ह्यांनी तो निरोप दहा वेळा वाचला आणि दर वेळी हसले. मला ह्यांचा फोन विहिरीत टाकावासा वाटला.

६ जून

आज फोन आला. चिंगीचा आवाज इतका मोठा की आधी मला वाटलं भांडतेय. वारा होता मागे, म्हणून ओरडून बोलत होती. काठाचा पहिला तुकडा मोजून झाला. चिखलात खुर्ची रुतली, मग ह्यांनी चिखलासाठी सोबत करून दिलेल्या रुंद चाकांवर चढवली. ती सांगत होती आणि मी मधे मधे "आणि तापमान?" विचारत होते. शेवटी ती म्हणाली, "आई, एक सांगते, पण मधे ओरडायचं नाही."

"बोल."

पहिल्याच दिवशी माळरानावर, ऐन दुपारी, शिडीच्या गाडीचं इंजिन तापून बंद पडलं. आसपास झाड नाही. चिंगीला डब्यात हलवलं, डब्याच्या बॅटरीवर एसी लावला. यंत्र चाललं, पण मागे हवाच येईना. खड्ड्यांनी पाइप एसीच्या पेटीपासून निसटला होता आणि सगळा गारवा बाकाखाली जात होता. चिंगीचं अंग तापायला लागलं. शिडीने तिच्या अंगावर ओली चादर टाकली, पाणी शिंपडत राहिली आणि पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. आणि चिंगीने खुर्चीवरून झाकण उघडलं, खांद्यापर्यंत हात आत घातला, पाइप चाचपून ओढला, बसवला आणि पट्टी आवळली. दोन पट्ट्या. मागे हवा आली. तिचा ताप उतरायला बराच वेळ लागला, पण उतरला.

ओरडायचं नव्हतं. मी ओरडले. "पहिल्या दिवशी! आणि मला आज सांगतेस? तेव्हाच का नाही फोन केलास?"

"कारण तू ओरडली असतीस, आणि मला दोन्ही हात लागत होते."

फोनवर नुसता वारा. तो पाइप मी बसवला होता. एकच पट्टी लावली होती, कारण शीतगृहात एक पुरते. शीतगृह खड्ड्यांतून जात नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिला तसं सांगितलं. वाटलं, म्हणेल काहीतरी. ती म्हणाली, "हं. म्हणून आता दोन आहेत."

मग मी विचारलं, "आत्ता मागे किती आहे?"

"कुठे मागे?"

"पलंगापाशी! किती अंश?"

"मला काय माहीत. आम्ही बाहेर आहोत, आई. काठावर. आत कोणी नाहीये."

इतकं चोख काम केलंय मी त्या डब्याचं, पुढे-मागे सारखी हवा, आणि कारटी बाहेर बसलीय! "स्वेटर घातलास का?" असं विचारणार होते. जीभ चावली. ती म्हणाली, "स्वेटर घातलाय." म्हणजे तिने ते ऐकलंच.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ह्यांच्यावर चिडचिड केली, इंजिनावर, त्या रस्त्यावर, रस्ते बांधणाऱ्यांवर. हे ऐकत राहिले. मग मी म्हटलं, "डबा परत आला की तो सांधा नीट करायला हवा. पट्ट्यांच्या भरवशावर नको, रिव्हेट मारून टाकू. आणि पाइपाला खालून आधार देऊ."

हे म्हणाले, "तिला विचारून."

मी ह्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता.

"हो," मी म्हटलं. "तिला विचारून."